लोकल मध्येच थांबली तर: पुणे–लोणावळा मार्गावर सिग्नल कसे वाचायचे

देहूरोड आणि बेगडेवाडीच्या मधे लोकल थांबली की डब्यात दोन प्रश्न ऐकू येतात. "काय झालं?" आणि "आता किती वेळ?" पाच-सात मिनिटं गेली की दारातली दोन-तीन पोरं खाली उड्या मारतात आणि शेजारच्या रुळातून चालायला लागतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात माझी सगळी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर तळेगावात राहत असल्यामुळे याच लोकलने अजूनही जातो-येतो. हे लिहायला बसलो ते त्या उड्या मारणाऱ्या पोरांसाठी. गाडी का थांबली हे ज्याला कळतं, तो सहसा खाली उतरत नाही.

पहिली गोष्ट पक्की करून घ्या. रेल्वेतलं सुरक्षिततेचं यंत्र अशाच बेताने केलेलं असतं की ते बिघडलं तर गाडी थांबावी. वायर तुटली, लाल. बॅटरी उतरली, लाल. रूळ तुटला तरी बऱ्याचदा लाल. सिग्नलचा दिवा पूर्ण विझलेला दिसला तर मोटरमनने तो लालच धरायचा, असा नियम आहे. म्हणजे तुमची लोकल रानात उभी असते तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणा आपलं काम चोख करत असते.

फलाटाच्या टोकाला दहा मिनिटं काढा

सिग्नल शिकायला पुस्तक लागत नाही. या मार्गावर टप्प्याटप्प्याने ऑटोमॅटिक सिग्नल आले आहेत. दिवसाउजेडी अशा पट्ट्यातल्या कुठल्याही स्टेशनावर फलाटाच्या टोकाला, उतार सुरू होण्याच्या अलीकडे उभे राहा. खाली उतरू नका, पिवळी रेघही ओलांडू नका. समोर डाव्या हाताला सिग्नलचा खांब दिसेल. गाडी सुटली आणि तिचं पहिलं चाक खांबापलीकडे गेलं की हिरवा जाऊन लाल लागतो. हे कोणी बटण दाबून केलेलं नसतं, गाडीनेच आपल्या पाठीमागे लाल लावलेला असतो.

मग तिथेच थांबा. गाडी पुढचा सिग्नल ओलांडून आणखी थोडी, साधारण १२० मीटर, पुढे गेली की तुमच्या समोरचा लाल एका पिवळ्यावर येईल. ती आणखी एक टप्पा पुढे सरकली की दोन पिवळे लागतील. त्याच्याही पुढे गेली की हिरवा. आता हेच मागून येणाऱ्या मोटरमनच्या बाजूने वाचा. हिरवा म्हणजे पुढे रस्ता मोकळा. दोन पिवळे म्हणजे पुढच्या सिग्नलला वेग आवरून जायची तयारी ठेव. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असेल असं धरून थांबायच्या तयारीने चाल. लाल म्हणजे थांब. वेगातली गाडी थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं, म्हणून हे आधीचे इशारे. नुसत्या लालवर भरवसा ठेवला असता तर तो दिसेपर्यंत उशीर झालेला असता.

मुलांना सोबत नेलंत तर फार चांगलं. माझ्या नातीला हे रंग पाढ्यांच्या आधी पाठ झाले.

गाडी आहे हे सिग्नलला कसं कळतं

दोन रुळांतून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. एका टोकाला पुरवठा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेने उचलला जाणारा स्विच. रूळ मोकळा असेल तर वीज रिलेपर्यंत पोचते, रिले उचललेला राहतो आणि सिग्नल मोकळा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज अलीकडेच वळते, रिले पडतो आणि लाल लागतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ॲक्सल काउंटर बसवतात. तो आत गेलेली आणि बाहेर पडलेली चाकं मोजतो, आणि हिशेब जुळेपर्यंत तो पट्टा भरलेलाच धरतो.

आता पावसाळ्यात काय होतं ते सांगतो, कारण आषाढात तुमच्या लोकलच्या उशिराला बऱ्याचदा हेच कारण असतं. कामशेतच्या पुढे एका रात्री गाडी नसताना सिग्नल लाल झाला. मी आणि माझा खलाशी (मदतनीस) टॉर्च घेऊन गेलो, तर खडी पाण्याखाली. खडी स्वच्छ असेल तर पाणी निचरून जातं, पण मातीने भरलेली खडी चिखलासारखी पाणी धरून ठेवते आणि त्या ओल्या थरातून वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते. मीटर रुळांना लावला की काटा हळूहळू खाली येताना दिसायचा. रिलेला लागते तेवढी वीज उरत नव्हती, म्हणून तो पडला होता. गाडी आहे की पाणी आहे हे त्याला कळत नाही, आणि शंका आली की तो थांबवतो. मागे उभ्या लोकलमधून लोक आमच्या नावाने ओरडत होते. आम्ही फावड्याने चर काढून पाणी काढून दिलं, मीटर वर चढला, सिग्नल आला.

त्या रात्री कोणी घाई करून रिलेला बाहेरून वीज दिली असती, तर सिग्नल लगेच हिरवा झाला असता. तसं करणं हा आमच्या खात्यातला सर्वांत मोठा गुन्हा मानला जातो, आणि मानलाच पाहिजे.

थांबलेल्या गाडीत बसून अंदाज बांधायचा

पहिल्या डब्यात असाल तर खिडकीतून खांबाकडे बघा. पांढऱ्या गोल पाटीवर काळा 'ए' असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. तिथे लाल असेल तर मोटरमनने दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबायचं आणि मग अत्यंत सावधपणे, समोरचं स्पष्ट दिसत असलं तरी ताशी १५ किलोमीटरच्या आत, पुढे सरकायचं. समोर उभी गाडी, तुटका रूळ, माणूस, काहीही असेल असं धरूनच. लोकल क्षणभर थांबून मग मुंगीच्या पावलांनी चालायला लागली तर बहुधा हाच प्रकार असतो. "चालवता येत नाही का" असं ओरडू नका. तो माणूस त्या वेळी यंत्राऐवजी स्वतःच्या डोळ्यांवर गाडी चालवत असतो.

पाटी नसेल तर तो स्टेशनच्या ताब्यातला सिग्नल. तो लाल असताना मोटरमन स्वतःच्या मनाने पुढे जाऊ शकत नाही, स्टेशन मास्तरकडून अधिकार मिळावा लागतो. इथे थांबा लांबू शकतो. फलाट रिकामा नाही, समोरून गाडी ओलांडतेय, किंवा पॉइंट (रूळ बदलणारा सांधा) लागत नाही, अशी कारणं असतात. पुणे स्टेशनच्या तोंडाशी, शिवाजीनगर सुटल्यावर, गाडी रेंगाळते ती बहुतेक फलाटासाठी.

पिवळ्या गोल पाटीवर काळा 'जी' दिसला तर तो फाटकाचा सिग्नल. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय तो मोकळा होत नाही. फाटकाखालून दुचाकी वाकवून काढणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात घ्यावं: तुम्ही अडवून धरलेलं ते फाटक मागे दीड-दोन हजार माणसांची गाडी अडवून धरतं. मग वेळ भरून काढायचं दडपण गेटमनवर आणि मोटरमनवर येतं.

मोटरमनच्या हाताखालीही एक पहारेकरी आहे. लोकलचा मास्टर कंट्रोलर, म्हणजे वेगाचा दांडा, दाबून धरावा लागतो, त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. मोटरमनला चक्कर आली आणि हात सुटला तर ब्रेक आपोआप लागतात. लांब पल्ल्याच्या इंजिनांत वेगळी सोय असते. ठरावीक वेळात ड्रायव्हरने कुठलीच हालचाल केली नाही तर आधी दिवा, मग भोंगा आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक.

पॉइंट, आणि पाच मिलिमीटर

पॉइंट फेल झाला ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. पॉइंट म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा. त्याची निमुळती जीभ बाजूच्या रुळाला घट्ट चिकटली पाहिजे. तपासणीच्या वेळी आम्ही त्या दोघांच्या मधे, जिभेच्या टोकाजवळ, ५ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी धरतो आणि मास्तरला पॅनेलवरून पॉइंट फिरवायला सांगतो. मोटर गुरगुरते, जीभ येऊन पट्टीवर आदळते, आणि कुलूप लागता कामा नये. लागलं तर ते यंत्र गाडीला योग्य नाही, तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. एखादा खडीचा तुकडा त्या फटीत अडकला तरी हेच होतं: पॉइंट लागत नाही, सिग्नल येत नाही, तुमची गाडी उभी. रुळात बाटल्या, नारळ, पिशव्या टाकू नका असं सांगतात त्यामागे स्वच्छतेइतकंच हेही कारण आहे.

कवच काय करतं आणि काय करत नाही

इथवर जे सांगितलं त्यात एक फट आहे. सिग्नल लाल आहे, पण ड्रायव्हरने तो पाहिलाच नाही तर? धुकं, थकवा, नजरचूक, काहीही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर यासाठी बऱ्याच वर्षांपासून सहायक इशारा यंत्रणा आहे, रुळातल्या चुंबकांवरून गाडीला सिग्नल कळवणारी. देशभरासाठी आता कवच ही आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा येत आहे. त्याच्या प्रवासी गाड्यांवरच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या, जुलै २०२० मध्ये ते राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं आणि १६ जुलै २०२४ रोजी त्याची ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. दक्षिण मध्य रेल्वेवर ते सर्वांत आधी बसलं.

त्याचं काम समजून घ्यायला फार अवघड नाही. रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर ठरावीक अंतराने चपटे टॅग बोल्टने बसवलेले असतात. इंजिनाच्या पोटाखालचा वाचक त्यांच्यावरून जाताना ते वाचतो आणि गाडी नेमकी कुठे, कुठल्या रुळावर, कुठल्या दिशेने आहे हे इंजिनाला कळतं. याआधी कोकण रेल्वेने जे टक्करविरोधी यंत्र विकसित केलं होतं ते उपग्रहावरून जागा ठरवत असे, आणि शेजारशेजारच्या दोन रुळांतला फरक ओळखणं त्याला जड जात होतं. टॅग आले ते यासाठी. स्टेशनातलं यंत्र सिग्नलची अवस्था वाचून उंच टॉवरवरून रेडिओने इंजिनाला कळवतं. इंजिनातलं यंत्र सतत हिशेब करतं की या वेगाने, या वजनाला, पुढच्या लालच्या आत थांबता येईल का. नाही असं वाटलं तर आधी ड्रायव्हरला इशारा देतं, आणि त्याने ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक लावतं. फाटक जवळ आलं की शिट्टीही स्वतः वाजवतं. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागात रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसून चाचणी झाली, तेव्हा समोर उभ्या इंजिनापासून ३८० मीटर अलीकडे गाडी आपोआप थांबली.

तुमच्या मार्गावर काम सुरू झालं की ते डोळ्यांनी ओळखता येईल. स्टेशनांजवळ सुमारे ४० मीटर उंचीचे नवे जाळीदार टॉवर आणि रुळांच्या मधोमध स्लीपरवर ते टॅग. टॅगला हात लावू नका, कोणी उचकटताना दिसला तर लगेच कळवा.

पण कवचाकडून भलतीच अपेक्षाही नको. घाटात दरड कोसळली तर कवचाला ती दिसत नाही. रुळावर उभा माणूस दिसत नाही. आणि स्टेशनच्या इंटरलॉकिंगनेच (सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या जोडणीनेच) त्याला चुकीची माहिती दिली तर ते चुकीच्याच माहितीवर हिशेब करेल.

बोरघाटातली युक्ती कवचाच्या कितीतरी आधीची आहे. लोणावळ्याहून कर्जतकडे १ला ३७ असा उतार आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर खाली. तिथे मुख्य रुळातून डोंगराकडे चढत जाणारे आंधळे फाटे काढलेले आहेत, त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. पॉइंट मुळात त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे सिद्ध झालं तरच तो मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक गेलेली गाडी चढावर जाऊन थांबते. मंकी हिलला गाडी थांबली म्हणून कुरकुरू नका, ब्रेक धरतात की नाही हे तपासायला उतारावर थांबावंच लागतं.

यंत्र बंद असतं तेव्हा

खरी काळजी करायची जागा ही आहे. चालू यंत्र तुम्हाला थांबवून वाचवतं, बिघडलेलंही बहुधा थांबवूनच वाचवतं. दुरुस्तीसाठी माणसाने हात घातलेल्या यंत्राला हे लागू होत नाही. म्हणून सिग्नलच्या माणसाने काम सुरू करण्याआधी स्टेशन मास्तरला डिसकनेक्शन मेमो, म्हणजे यंत्र कामासाठी बंद करत असल्याची चिठ्ठी, द्यायचा, मास्तरने सही करायची, मग काम. काम संपल्यावर तपासणी, मग रीकनेक्शन मेमो. रिले रूमला दोन कुलपं असतात, एक किल्ली मास्तरकडे आणि एक आमच्याकडे, म्हणजे एकटा कोणी आत जाऊ शकत नाही.

२ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि पॉइंट मात्र बाजूच्या लूप लाइनकडे होता. लूपवर मालगाडी उभी होती. २९०हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या त्रुटी समोर आल्या. १७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बिघडलेले होते, लाल ओलांडायचे लेखी अधिकार दिले गेले होते, आणि मालगाडी मागून कांचनजंगा एक्सप्रेसवर आदळली. तिथे कवच नव्हतं. किमान १० जणांचा जीव गेला. यंत्र नसताना काय वेगाने जायचं याचं प्रशिक्षण पुरेसं नव्हतं, असं चौकशीत नोंदलं गेलं.

हे दोन्ही अहवाल मी ज्या पोरांना काम शिकवलं त्यांना वाचायला लावले. सिग्नल खात्यात नव्याने लागलेला कोणी हे वाचत असेल तर त्यालाही सांगतो: फोनवर कोणी कितीही घाई केली तरी मेमोशिवाय पेचकस लावू नकोस, आणि वायर जोडल्यावर ती नकाशाबरहुकूम आहे की नाही हे पॉइंट प्रत्यक्ष फिरवून, रुळाशी उभं राहून बघ. गाड्यांना उशीर झाला तर त्याचं उत्तर देता येतं. प्रवाशांनीही रविवारचा ब्लॉक सहन करावा. घाईत उरकलेला ब्लॉक फार महाग पडतो.

आपल्या हातातलं

गाडी थांबली तर आत राहा. धूर किंवा आग स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असेल तर आधी शेजारच्या डब्यात सरका. उतरावंच लागलं तर दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरा. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरली, साखळी ओढली गेली, लोक शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण गेले. आग नव्हतीच. तिथला रूळ वळणाचा होता, आणि वळणावर ड्रायव्हरला माणसं दिसेपर्यंत ब्रेकचा उपयोग उरत नाही.

साखळी कोणी पडलं, आग लागली, कोणाच्या जिवावर बेतलं तर बेलाशक ओढा. विनाकारण ओढणं रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली आणि रूळ ओलांडणं कलम १४७ खाली गुन्हा आहे. बोगद्यात शक्यतो थांबवू नका, बाहेर येऊ द्या.

मेट्रोत गोष्ट थोडी वेगळी. वनाझ–रामवाडी असो की पिंपरी–स्वारगेट, तिथे गाड्यांचं अंतर आणि वेग रेडिओवर चालणारी यंत्रणा सतत ठरवत असते. पण रुळावर पडलेलं मूल तिलाही दिसत नाही. त्यासाठी फलाटावर आणीबाणीचं बटण असतं. जानेवारी २०२४ मध्ये पुणे मेट्रोच्या एका स्टेशनवर तीन वर्षांचं मूल रुळांवर पडलं, सुरक्षारक्षकाने ते बटण दाबलं आणि येणाऱ्या गाड्या थांबल्या. पुढच्या वेळी मेट्रोने जाल तेव्हा तुमच्या नेहमीच्या फलाटावर ते बटण कुठे आहे हे बघून ठेवा.

एक्सप्रेस गाडी जाताना तिच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, ती बघायची सवय लावा. फुली नसेल तर गाडी मधे तुटून काही डबे मागे राहिले असण्याची शक्यता असते, म्हणून स्टेशनचा माणूस हिरवा झेंडा घेऊन उभा राहून तीच शोधत असतो. तोच चाकातून धूर, ठिणग्या, खाली लोंबणारा भागही बघत असतो. तुम्हाला असं काही दिसलं, किंवा रूळ तडकलेला, खडी वाहून गेलेली, फाटक उघडं दिसलं तर स्टेशन मास्तरला सांगा. स्टेशन लांब असेल तर १३९ला फोन करा.

फोनवर "तळेगावच्या अलीकडे कुठेतरी" असं सांगू नका. वरच्या विजेच्या तारा ज्या खांबांवर आहेत त्या प्रत्येकावर क्रमांक रंगवलेला असतो, उदाहरणार्थ १६८/१२. पहिला आकडा मुंबईपासूनचा किलोमीटर, दुसरा त्या किलोमीटरातला खांब. डब्यातून किंवा फलाटावरून दिसेल तो वाचा आणि तोच सांगा. ट्रॅकमन टॉर्च घेऊन थेट त्या खांबापाशी पोचतो.